चेंडू चालत होता, पेला चालत नव्हता

जुन्या क्रिकेट सामन्यांचे धावफलक चाळताना ‘पी. बाळू’ असे एक नाव वारंवार भेटते. नव्या वाचकाला वाटावे, बाळू हे आडनाव असेल. तसे नाही. आडनाव पालवणकर. त्याचे झाले ‘पी’, आणि घरात हाक मारावी तसे नाव शेवटी राहिले. संघात पै होते, देवधर होते, दळवी होते. हिंदुस्थानातला पहिला थोर गोलंदाज मात्र चाळिशी उलटली तरी बाळूच. धाकट्या भावांचेही तेच : पी. शिवराम, पी. विठ्ठल, पी. गणपत. यात सगळा जातीचाच भाग होता असे म्हणणार नाही. बंगलोरचे जयराम हेही फलकावर ‘बी. जयराम’ असेच येत. पण साठीला टेकलेल्या शिपायाला नुसत्या नावाने हाक मारायची आणि काल रुजू झालेल्या पोराला ‘साहेब’ म्हणायचे, ही आपल्या कचेऱ्यांतली रीत ज्याने आयुष्यभर पाहिली, त्याला ते दोन अक्षरी नाव थोडे खुपतेच. म्हणून या लेखापुरते तरी आपण त्यांना अहो-जाहो करू.

पालवणकर बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे मूळचे पालवणचे, जात चांभार. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्याला आले. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि शिवराम खेळायला शिकले. शाळा फार काळ जमली नाही. घरात तोंडे जास्त आणि मिळकत कमी, तेव्हा थोरल्या मुलाने कामाला लागायचे, हे त्या काळी कोणी ठरवावे लागत नसे.

पहिली नोकरी पुण्याच्या एका पारशी क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा आणि सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये. जाळ्या बांधायच्या, खेळपट्टी तयार करायची, पांढऱ्या रेघा मारायच्या, टेनिसची मैदाने आखायची. एका साहेबाने त्यांना सरावात चेंडू टाकायला सांगितले आणि सगळ्यांच्या लक्षात आले, की हा पोऱ्या डाव्या हाताने चेंडू दोन्हीकडे वळवतो आणि टप्पा मात्र पाहिजे तिथेच पाडतो.

कॅप्टन ग्रेग हा त्या क्लबातला सर्वांत नावाजलेला फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. आपल्याला बाद केले की दर वेळी तो आठ आणे बक्षीस देत असे, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, पगार चाराचा बारा झाला. ग्रेगची फलंदाजी सुधारली आणि बाळूंची गोलंदाजी धारदार झाली. असा व्यवहार दोन्ही पक्षांना फायद्याचा वाटतो. हिशेब तपासायला बसले की मगच एका बाजूची नोंद कोरी दिसते. इतकी वर्षे, इतके हजार चेंडू, पण त्या क्लबात बाळूंच्या हाती कधी बॅट दिली गेली नाही. गोलंदाजी हे घाम गाळण्याचे काम. ते नेटिवाने करायचे. फलंदाजी हा साहेबाचा खेळ. नियमावलीत असे लिहिलेले असण्याची गरज नव्हती. कुठल्याही कचेरीतले खरे नियम लिहिलेले नसतातच.

इथवर झाली गोऱ्या-काळ्याची गोष्ट, आणि ती आपल्याला सांगायला सोपी जाते. आता आपल्या घरातली.

पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाला त्या सुमारास गोऱ्यांना हरवायची ईर्षा होती. शहरातला सर्वांत चांगला गोलंदाज कोण, हे सगळ्यांना माहीत होते. त्याला घ्यावे असे काही तेलुगू सभासदांचे म्हणणे होते. काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. चांभाराने हाताळलेला चेंडू आपण कसा हाताळायचा? वाद रंगला असताना ग्रेगनेच जाहीरपणे मत दिले, की बाळूला बाहेर ठेवाल तर नुकसान तुमचेच. ज्याने त्यांना कधी बॅट दिली नाही त्या साहेबाची शिफारस आपल्या लोकांना पटली, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाळूंना संघात घेतले गेले.

आणि मग तडजोड निघाली. आपल्या समाजाइतकी तडजोडीत हुशार मंडळी दुसरी नसतील. मैदानावर सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा, त्याला विटाळ नाही. मधल्या सुट्टीत मात्र इतरांचा चहा आत, पॅव्हिलियनमध्ये, चिनी मातीच्या कपातून. बाळूंचा चहा बाहेर, पिऊन फोडून टाकायच्या मातीच्या पेल्यातून. जेवण वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायला पाणी लागले तर ते अस्पृश्य नोकराने कोपऱ्यात आणून द्यायचे. बळी मिळवला की टाळ्या सगळ्यांच्या, आणि पाच मिनिटांनी पेला वेगळा.

परभणीत बसून पुण्या-मुंबईच्या जुन्या क्रिकेटपटूवर का लिहायचे, असे कोणी विचारील. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. मुंबईच्या तिरंगी-चौरंगी सामन्यांचे वेड आपल्या आजोबा-पणजोबांना फारसे ठाऊक नव्हते. त्यांच्या नोकऱ्यांतली चढाओढ मुलकी आणि गैरमुलकी अशी वेगळीच होती. पण तो मातीचा पेला मला परका वाटला नाही. १९८० च्या दशकात या भागातल्या एका लहान शाखेत मी काम करत होतो. तिथला शिपाई रोज रोकड मोजायला मदत करी, नोटांची बंडले बांधी, पेटी उचलून तिजोरीत ठेवी. त्याच्या हातून आलेल्या नोटा थुंकी लावून मोजणारे आम्ही सगळे. चहाच्या वेळी मात्र त्याचा कान तुटलेला कप खिडकीच्या फळीवर वेगळा असे आणि तो त्यानेच धुवायचा, असे कोणी कधी सांगितले नव्हते. ते तसे चालत आले होते. पुढे राखीव जागेवर निवडला गेलेला एक तरुण अधिकारी बदलून आला. त्याच्या सहीशिवाय कर्ज मंजूर होत नसे. गावात त्याला खोली मिळायला तीन महिने लागले. घरमालक पगार विचारत नव्हते, आडनाव विचारत होते.

तर पुन्हा पुण्याकडे. बाळू आल्यावर हिंदूंचा संघ जिंकू लागला. साताऱ्याच्या जिमखान्याशी सामना होता. तो जिमखाना निव्वळ गोऱ्यांचा. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून त्यांनी कित्येक दिवस रूळ फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली होती. तरी बाळूंनी सात बळी घेतले आणि पुणेकर जिंकले. परतल्यावर सत्कार झाला, हार घातले गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीरपणे बाळूंचा गौरव केला आणि ज्याच्या बरोबर खेळता त्याच्या बरोबर जेवायला हरकत कसली, असा सवाल खेळाडूंपुढे टाकला. टिळकांनीही त्यांचे कौतुक केले. रानडे स्वतः हायकोर्टाचे न्यायाधीश. गोऱ्यांच्या राज्यात नेटिवाने कितीही लायकी दाखवली तरी खुर्ची कुठे अडते, हे त्यांना दुसऱ्याकडून शिकायचे नव्हते.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. त्या धामधुमीत बाळू मुंबईला गेले. काही काळ लष्करात, मग रेल्वेत नोकरी. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ मध्ये सुरू झाला होता. तिथेही काही सभासदांनी नाके मुरडली, पण कर्णधार कीर्तिकर ठाम राहिले. मुंबईची हवा पुण्यापेक्षा मोकळी. सगळे खेळाडू एकत्र जेवू लागले. गिरणी, आगगाडी आणि खानावळ यांनी मुंबईत जे केले ते पुण्यात व्याख्यानांना जमले नव्हते, असे माझे आपले मत.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. या जिमखान्याचे सभासदत्व हिंदी माणसाला नव्हते. आत जाणारा हिंदी माणूस एकतर नोकर, नाहीतर प्रतिस्पर्धी. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. संघात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ होते. मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने हा विजय नुसता खेळाचा मानला नाही. पुण्याच्या क्लबाने चांभाराला संघात घेतले आणि मुंबईच्या जिमखान्याने त्याला पंगतीत घेतले, या दोन पायऱ्यांनंतर हा विजय आला, हे त्या पत्राने वाचकांपुढे मांडले. पुढच्या वर्षी हिंदू पुन्हा जिंकले.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वजमातींचा संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान असे वाटे पाडून निवडलेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे एकोणीस. महाराजांना मैदानापेक्षा मेजवान्यांचे बोलावणे अधिक येई आणि ते थोडेच सामने खेळले. बाळूंचे वय पस्तीसच्या पुढे, डावा खांदा वर्षानुवर्षांच्या गोलंदाजीने दुखावलेला. तरी जवळजवळ प्रत्येक सामन्यात त्यांनाच राबवले गेले. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र सगळे सामने धरून ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले. लेस्टरशायरला हरवून संघाने दौऱ्यातला पहिला विजय मिळवला, त्यातही त्यांचाच मोठा वाटा होता. शिवरामांनी फलंदाजीत नाव काढले. दोन्ही भाऊ ज्या खेळपट्ट्यांवर खेळत होते, तशाच खेळपट्ट्या हिंदुस्थानात त्यांच्या जातीचा माणूस पगारी झाडत होता.

परत आल्यावर मुंबईच्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्यांना दिलेले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या तरुणाने तयार केले होते. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असतानाही आंबेडकरांना बाळूंचा अभिमान वाटत असे. त्याच आंबेडकरांना मधल्या काळात, १९१७ मध्ये, बडोद्याच्या नोकरीत शिपायांनी फायली लांबून फेकल्या आणि शहरात राहायला जागा मिळाली नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. कोलंबिया आणि लंडनची विद्या एका बाजूला, इंग्लंडमधले ११४ बळी दुसऱ्या बाजूला. कचेरीतला शिपाई आणि क्लबातला सभासद दोघेही या गोष्टींकडे बघत नव्हते.

आता कर्णधारपदाकडे येतो. बढतीच्या फायली पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे हा भाग मी जरा रेंगाळून सांगणार आहे.

१९१० नंतर बाळू हे हिंदू संघातले सर्वांत अनुभवी खेळाडू होते. ज्येष्ठता त्यांची, कामगिरी त्यांची, इंग्लंडचा अनुभव त्यांचा. कर्णधार मात्र एम. डी. पै. हे पै गृहस्थ सरळ मनाचे. १९१३ मध्ये एका सत्कारात त्यांनी स्वतःच सांगून टाकले, की हा मान खरे म्हणजे बाळूंचा होता. सभा टाळ्या वाजवून घरी गेली आणि पुढल्या वर्षीही काही बदलले नाही. बढती नाकारण्याची ही सर्वांत सभ्य पद्धत. माणसाचे गुण नाकारायचे नाहीत; उलट तोंड भरून गायचे. गोपनीय अहवालात उत्कृष्ट शेरा द्यायचा. फक्त निर्णय घेण्याची खुर्ची आली, की इतर बाबींचाही विचार करावा लागतो असे म्हणायचे. त्या इतर बाबी कागदावर येत नाहीत. गोलंदाजाला चेंडू कप्तान देतो. कप्तान सांगेल तिथे ब्राह्मणाचा मुलगा उभा राहतो. चांभाराच्या हातचा चेंडू झेलणे आणि चांभाराचा हुकूम झेलणे यांत अंतर होते, आणि सगळी अडचण त्या अंतराची होती.

१९२० उजाडले. चौरंगी स्पर्धेच्या वेळी पै आजारी होते. बाळूंना वगळले गेले; वय झाले होते, तेवढे समजण्यासारखे. पण विठ्ठल आणि शिवराम संघात होते, दोघेही कसलेले. तरी कर्णधार म्हणून दि. ब. देवधर यांची निवड झाली. देवधर हे पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटचे वडीलधारे झाले, त्यांच्या गुणांबद्दल कोणाचे दुमत नाही. पण त्या वेळी ते या भावांना कनिष्ठ होते. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि कारण त्यांनी वर्तमानपत्रांतून सांगितले : कर्णधार खेळावरून ठरवा, जातीवरून नको. वीस-पंचवीस वर्षे थोरल्या भावाने जे गिळले ते धाकट्यांनी गिळले नाही. मुंबईत खळबळ उडाली. गांधींच्या चळवळीने अस्पृश्यतेचा प्रश्न चव्हाट्यावर आणण्याचे ते दिवस. निवड समितीला तोंड लपवायला जागा उरली नाही. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावले गेले. पै कर्णधार म्हणून परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून आत जाऊन बसले, एवढ्यासाठी की तेवढा वेळ तरी संघ बाळूंच्या हुकुमाखाली खेळावा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा तो थकल्या खांद्याचा गोलंदाज त्या दिवशी क्षेत्ररक्षण लावत होता.

पैंच्या या वागण्याचे मला फार अप्रूप वाटते. हक्काच्या जागेसाठी भांडणारे असतात, पण आपल्या जागेवरून काही तास उठून जाणारा वरिष्ठ मी नोकरीत फारसा पाहिला नाही. तरी एक गोष्ट विसरू नये. पैंना बाळूंची लायकी १९१३ पासून मान्य होती. जागा हलली ती दोन भावांनी नकार दिल्यानंतर.

आणि तीही लगेच पूर्ण हलली नाही. मधल्या वर्षांत पुन्हा डावलणे झाले, विठ्ठल पुन्हा रुसून बाहेर पडले. अखेर १९२३ मध्ये पालवणकर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली, आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. विठ्ठलांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले, ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

या घटनेचे मोल कळायला वेस्ट इंडीजकडे पाहावे. तिथे ऊसमळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांचे वंशज क्रिकेट खेळू लागले तेव्हा तीच वाटणी झाली होती : काळ्यांनी चेंडू टाकायचे, गोऱ्यांनी बॅट धरायची. संघात काळे खेळाडू एकाहून एक सरस आले, तरी कर्णधार गोरा असे. १९४८ मध्ये जॉर्ज हेडलीला एका कसोटीपुरते नेतृत्व मिळाले. संपूर्ण मालिकेसाठी काळा कर्णधार म्हणून फ्रँक वॉरेलची नेमणूक व्हायला १९६० साल उजाडले, आणि त्यासाठीही वर्तमानपत्रांतून मोहीम चालवावी लागली. विठ्ठल पालवणकर त्याच्या सदतीस वर्षे आधी कप्तान झाले होते. आपल्या शालेय पुस्तकांत यातले काय किती आले, ते घरातल्या मुलांना विचारून पाहा.

बाळूंच्या प्रथम दर्जाच्या सामन्यांची संख्या ३३, त्यांत १७९ बळी. हे आकडे त्यांच्या आयुष्याच्या मानाने तोकडे आहेत, कारण पुण्यातली ती सगळी तरुण वर्षे, जाळीत टाकलेले ते हजारो चेंडू, कोणत्याच वहीत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी नसलेल्या रोजंदारीसारखे ते गेले.

खेळ सुटल्यावर ते राजकारणात आले. १९३२ च्या सप्टेंबरात गांधींचे येरवड्यात उपोषण सुरू असताना तडजोडीसाठी धडपडणाऱ्यांत ते होते. पुणे करारावर त्यांची सही आहे. हिंदू समाज आपणहून बदलेल, यावर त्यांचा विश्वास होता. ज्याला पॅव्हिलियनच्या बाहेरून आतल्या पंगतीपर्यंत यायला मिळाले, त्याला तसे वाटणे स्वाभाविक असेल. आंबेडकरांची वाट दुसरी होती. मुंबई महापालिकेची निवडणूक बाळूंनी हिंदू महासभेतर्फे लढवली, तिथे डॉ. होमी पावरी या जुन्या पारशी क्रिकेटपटूने त्यांना हरवले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्याने मानपत्र लिहिले आणि ज्याला ते मिळाले, ते दोघे एकाच राखीव जागेसाठी समोरासमोर. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर अवघे दोन हजारांचे. म्हणजे गिरणगावातल्या हजारो लोकांच्या मनात म्हातारा बाळू तेव्हाही होता.

१९५५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रभादेवीत पी. बाळू मार्ग नावाचा एक रस्ता आहे. पाटीवर आडनाव अजूनही ‘पी’च आहे.